पिवळ्या पट्टीवर आप्पा

‘मद्यधुंद’ हा शब्द मी प्रथम टंकलिखित कागदावर वाचला तेव्हा तो माझ्या वडिलांच्या नावापुढे होता. त्यानंतरच्या आयुष्यात मी अनेक कार्यालयांना, आयुक्तांना, संपादकांना आणि सोसायटीच्या सचिवांना पोचपावतीसह जी पत्रे पाठवली, ज्यांच्यामुळे माझी सून मला ‘बाबा, आज कोणाची पाळी’ असे विचारते, त्या सगळ्यांच्या मुळाशी तो एक शब्द आहे. तो शब्द लिहिणाऱ्याने माझ्या वडिलांना पाहिलेले नव्हते. त्याने त्यांच्या तोंडाचा वास घेतलेला नव्हता. त्याच्यापुढे एक रिकामी जागा होती आणि ती त्याने भरली. हे प्रकरण मी कोणाला कीव यावी म्हणून लिहीत नाही. आप्पांचा मला अभिमान होता, आजही आहे, आणि तो सकारण आहे, एवढे नोंदीवर यावे हा माझा हेतू आहे.

आम्ही भोसरीत दोन खोल्यांत राहत होतो. आप्पा लातूरकडून आले होते आणि रबराच्या कारखान्यात मिक्सिंग मिलवर काम करत होते. गाड्यांच्या इंजिनात तेल गळू नये म्हणून ज्या काळ्या रबरी चकत्या बसवतात, ज्यांना तिथे सील म्हणत, त्यांचे रबर आप्पांच्या मिलवर मळले जाई. दोन जाड लोखंडी रूळ समोरासमोर फिरायचे, मधल्या फटीतून रबर वर-खाली जायचे, आणि आप्पा त्यात काजळी, गंधक आणि तेल ठरल्या मापाने घालत राहायचे. घरी येताना त्यांच्या कोपरांपर्यंत काजळी असायची. नळावर साबण लावून ते ती इतक्या निगुतीने धूत की आई म्हणायची, ‘चामडी ठेवा थोडी, उद्या लागंल.’ आमच्या घराच्या मागच्या बाजूला, दोन गल्ल्या आणि एक मोकळे मैदान सोडून, फोर्जिंगचा, म्हणजे तापलेले लोखंड ठोकून घडवण्याचा, कारखाना होता. त्याचा मोठा हातोडा पडला की आवाज येण्याआधी जमीन हलायची. आवाज तर बऱ्याचदा यायचाही नाही. रस्त्यावरच्या ट्रकांत तो बुडून जाई. पण तांब्याच्या घागरीतल्या पाण्यावर बारीक वलय उठायचे, आणि भिंतीला टेकून पाय जमिनीवर सपाट ठेवून बसलेले आप्पा डोळे मिटून सांगायचे, ‘आज मोठा माल हाय. क्रँकशाफ्ट असंल.’ त्यांच्या तळव्यांना ते कळे. मिलचा रूळ किंचित वाकडा फिरू लागला तरी त्यांना आधी पायात जाणवायचे, मग कानात. मेंटेनन्सवाले त्यांना हसत हसत ‘आप्पा मीटर’ म्हणत.

आमचे घर लिंगायत. सकाळी अंघोळ, कपाळाला विभूती, हातावर इष्टलिंग घेऊन पूजा, आणि मगच चहा. मांस आणि अंडे घरात कधी आलेच नाही, आणि दारूविषयी तर आमच्या घरात मतही नव्हते, कारण मत असण्यासाठी ती वस्तू निदान कल्पनेत तरी घरी यावी लागते. आईच्या हातचे येसर, खारे वरण, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची लालभडक चटणी यांवर आम्ही वाढलो. रविवारी धपाटे व्हायचे. मी आणि माझी धाकटी बहीण गौरा धपाट्यावर दह्याचा गोळा घ्यायचो आणि आप्पा चटणीत तेल ओतून घ्यायचे. दही ते घेत नसत. दूध, ताक, तूप, काहीच नाही. चहासुद्धा कोरा. याचे कारण मी स्वतः होतो. मी लहान असताना विषमज्वराने मरणाच्या दारात होतो, आणि आप्पांनी गावच्या देवापुढे आपली सर्वांत आवडती गोष्ट सोडली होती. आमच्याकडे असे सोडण्याची रीत आहे. कोणी गूळ सोडतो, कोणी वांगे. आप्पांना दुधाचे इतके वेड होते की आजी त्यांना वासरू म्हणायची, म्हणून त्यांनी दूध सोडले. कारले सोडून देवाला फसवणारी माणसे मी नंतर पुष्कळ पाहिली. माझे वडील त्यांतले नव्हते.

मी वाणिज्य शाखेत शिकत होतो आणि संध्याकाळी टंकलेखनाच्या क्लासला जात होतो, त्या सुमारास आप्पा बदलू लागले. आधी जेवणात बदलले. चटणी ताटात तशीच राहू लागली. जीभ जळते म्हणाले. आईने मिरची कमी केली, मग आणखी कमी केली, आणि शेवटी चिडून म्हणाली, ‘आता काय साखर घालू का भाकरीत? सांगा तरी काय चुकलंय माझं.’ आप्पांची जीभ मी पाहिली होती. गुळगुळीत आणि लाल, जणू कोणी ती घासून काढली होती. मग चपलांचे सुरू झाले. ते कामावरून एका पायात चप्पल घालून येत. दुसरी कुठे निसटली ते त्यांना कळलेलेच नसे. गौरा ती शोधायला रस्त्याने उलटी जायची आणि टपरीवरची पोरे हसत म्हणायची, ‘आप्पांचा लवकर सुरू झालाय वाटतं कार्यक्रम.’ सकाळी नळावर तोंडाला साबण लावून डोळे मिटले की ते भिंत धरू लागले. पायांत मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखे वाटते, असे एकदा आईला म्हणाले; आईने मोहरीचे तेल चोळले. कंपनीच्या दवाखान्यातून ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. चेहऱ्यावर थोडी लाली आली आणि सगळ्यांनी बरे झाले असे धरून चालले.

एका रविवारी दुपारी आप्पा नेहमीसारखे भिंतीला टेकून बसले होते. ते आईला म्हणाले, ‘आज फोर्जला सुट्टी हाय का?’ आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून घागरीकडे पाहिले. पाण्यावर वलयामागून वलय उठत होते. ती म्हणाली, ‘चालू हाय की. बघा ना, पाणी हालायलंय.’ आप्पांनी पाण्याकडे पाहिले, मग आपल्या तळव्यांकडे पाहिले, आणि पाय हळूच धोतराखाली ओढून घेतले. लपवण्यासारखे काही उघडे पडावे, तसे.

आता पिवळ्या पट्टीविषयी. कारखान्याच्या फाटकातून आत गेल्यावर माणसांनी कोठून चालायचे हे दाखवणारी पिवळी पट्टी जमिनीवर रंगवलेली होती. कोणी पिऊन आल्याचा संशय आला की पहारेकरी त्याला त्या पट्टीवरून चालायला लावत आणि शेवटी पाय जोडून, डोळे मिटून उभे राहायला सांगत. डोलला की घरी. ही पद्धत कोणत्याही नियमात नव्हती. स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या नियमावलीत, तर नव्हतीच. ते मी पुढे शब्दन् शब्द वाचले आहेत. पण सर्वांना ती इतकी अंगवळणी पडली होती की कामगार आपापसांतही ‘पट्टीवर उभा राहतोस का’ अशी पैज लावत. दुसऱ्या पाळीला जाताना आप्पा एका पायात चप्पल घालून फाटकाशी पोचले. पहाऱ्यावरच्या सुभेदारांनी, म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेल्या आणि दिघीला राहणाऱ्या मुख्य पहारेकऱ्यांनी, त्यांना थांबवले. आप्पा पायांकडे बघत बघत पट्टीवरून सरळ चालले. मग सुभेदार म्हणाले, ‘डोळे मिटा.’ आप्पांनी डोळे मिटले आणि ते सुभेदारांच्या अंगावर कोसळले. पाळी बदलण्याची वेळ होती. येणारे आणि जाणारे असे दोन्ही पाळ्यांचे लोक तेथे उभे होते.

आठवडाभरात निलंबनाचा आदेश आणि आरोपपत्र आले. कामाच्या जागी मद्यधुंद अवस्थेत आढळल्याचे गंभीर गैरवर्तन. कंपनीच्या चौकशीत आरोप सिद्ध झाल्यास नोकरी जाणार होती. पण आमच्या घरात त्या संध्याकाळी नोकरीचे नाव कोणी काढले नाही. आप्पांनी कागद माझ्याकडे देऊन अर्थ विचारला. मी तो वाचून दाखवला. त्यांनी एवढेच विचारले, ‘हे गावाकडं कळंल का?’ आईने चूल विझवली आणि त्या दिवशी आम्ही कोणी जेवलो नाही.

आप्पांच्या मिलवर त्यांचे जोडीदार इस्माईलभाई होते. रूळांच्या एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला ते, अशी त्यांची वर्षे गेली होती. ते घरी आले, दारातच चपला काढून बसले आणि म्हणाले, ‘आप्पा, तुम्ही प्यायलात असं जर कुणी सिद्ध केलं ना, तर मी कंपनीत नाचत येईन. काय झालंय ते सांगा मला.’ आप्पा म्हणाले, ‘पाय माझे राहिले नाहीत, इस्माईल. कुठं पडायलेत ते बघावं लागतंय.’ इस्माईलभाईंनी माझ्याकडे वळून विचारले, ‘काय वकील, तू एवढं शिकतोस, वाचतोस. कायदा काय म्हणतो?’ मी वकील नव्हतो, पण त्यांनी मला कायम वकीलच म्हटले, आणि पुढे मी खरोखर कामगार न्यायालयात उभा राहिलो त्यात त्या हाकेचा वाटा किती होता हे मला सांगता येणार नाही. त्यांनी युनियनच्या कचेरीतून स्थायी आदेशांची प्रत आणली. आरोपीला सहकारी कामगाराची मदत घेता येते. त्याला साक्षीदार आणता येतात. आणि मुख्य म्हणजे, आरोप ज्याने केला त्यानेच तो सिद्ध करायचा असतो. ती तिन्ही कलमे वाचताना मला जो संताप आला तो विलक्षण आनंददायक होता. इतके दिवस मी नुसता चिडलेला होतो. त्या दिवशी माझ्या रागाला बसायला खुर्ची मिळाली.

पण आप्पांना झाले काय होते, हे कायद्यात नव्हते. ते आम्हाला पुण्याच्या सरकारी रुग्णालयात कळले. तेथील डॉक्टरीणबाई वयाने तरुण होत्या, आणि रांग एवढी लांब असतानाही घाईत नव्हत्या. त्यांनी आप्पांची जीभ पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली. मग शाळेत नादकाटा म्हणून दाखवतात तो टेबलावर आपटून त्यांनी आप्पांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. ‘काय जाणवतं?’ आप्पा म्हणाले, ‘गार लागतंय.’ ‘थरथर?’ ‘नाय.’ घोट्यावर, नडगीवर, तेच. काट्याची गुणगुण मला मात्र ऐकू येत होती. गुडघ्यावर आल्यावर आप्पा म्हणाले, ‘हां, हितं हाय. फोर्जवानी.’ शेवटी बाईंनी त्यांना पाय जोडून उभे केले, स्वतः हात पसरून समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आता डोळे मिटा.’

आप्पा पडले. बाईंनी त्यांना सावरले आणि शांतपणे कागदावर काही लिहिले. फाटकावरची चाचणी आणि रुग्णालयातली चाचणी अक्षरशः एकच होती. एका ठिकाणी तिला गुन्हा म्हणत होते आणि दुसऱ्या ठिकाणी लक्षण.

बाईंनी आप्पांना काय खाता ते विचारले. दूध सोडल्याचे ऐकून त्या जरा थांबल्या. मग त्यांनी जे समजावले ते मी त्याच संध्याकाळी उतरवून काढले आणि नंतरच्या आयुष्यात जमेल तेवढे वाचून तपासले. शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो, आणि तो मुख्यतः चरबीचा बनलेला असतो. पोटावर साठते तसली ही चरबी नव्हे. तिची रचना ठरलेली असते. मज्जातंतूंभोवती तर याच पडद्याच्या वळ्यांवर वळ्या गुंडाळलेल्या असतात, म्हणून पायाचा संदेश न गळता मेंदूपर्यंत जातो. हा पडदा एकदा बांधला आणि झाले, असे नसते. शरीर तो सतत उसवते आणि पुन्हा विणते. त्या विणकामाला बी-बारा नावाचे जीवनसत्त्व लागते. ते वनस्पतीत मिळत नाही; शाकाहारी माणसाला ते दुधादह्यातूनच काय ते मिळते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो आणि मग संपतो. तो संपला की चरबीचे काही तुकडे नीट मोडले जात नाहीत, जे टाके पडायला हवेत ते पडत नाहीत, आणि भलत्याच मापाची चरबी पडद्यात विणली जाते. पडदा सुजतो, फाटतो.

आप्पा इतका वेळ खाली मान घालून ऐकत होते. ते म्हणाले, ‘म्हणजे बाई, बॅचमध्ये तेल चुकलं. सील फुगून गळायलंय.’ बाईंनी विचारले, सील म्हणजे काय. आप्पांनी खिशातून एक काळी चकती काढून दाखवली. त्यांच्या खिशात ती नेहमी असायची. बाईंनी ती बोटात फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, ‘हो आप्पा, तसं म्हणायला हरकत नाही. पण शरीराला माल बदलता येतो. वेळेत आलात तर.’ (पायांचे नुकसान नेमके याच वाटेने होते असे आजही कोणी शपथेवर सांगत नाही, चुकीच्या चरबीवर संशय दाट आहे, एवढेच. मी शपथेवरच्या विधानांच्या बाबतीत काटेकोर माणूस आहे, म्हणून हे येथे नमूद करतो.) ताकदीच्या गोळ्यांनी रक्ताचा रंग सुधारला होता आणि आतला बिघाड झाकला गेला होता, हेही त्यांनीच सांगितले. मग इंजेक्शने लिहून दिली आणि दूध सुरू करायला सांगितले. आप्पा म्हणाले, ‘दूध नाय जमणार. सुई कशाची हाय ते सांगा.’ बाई हसल्या नाहीत, याचे मला त्यांच्याविषयी कायम ऋण वाटते. त्या म्हणाल्या, ‘सूक्ष्म जंतूंपासून बनवतात, टाक्यांमध्ये वाढवून. कोणाचा जीव घेऊन नाही, आणि दुधातलंही नाही.’ आप्पांनी दंड पुढे केला. औषध जास्वंदीच्या फुलासारखे लाल होते.

आणि येथेच घरात भांडण पेटले. रुग्णालयाचे प्रमाणपत्र घेऊन इस्माईलभाई कंपनीत गेले तेव्हा व्यवस्थापनाच्या माणसाने ते टेबलावर सरकवून सांगितले होते की असली प्रमाणपत्रे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. म्हणून मी ठरवले की चौकशीच्या दिवशी, भर सकाळी, सगळ्यांसमोर आप्पांच्या तोंडाचा वास घ्यायला लावायचा आणि मग त्यांना डोळे मिटायला सांगायचे. शुद्धीत असलेला माणूस पडतो हे त्यांना डोळ्यांनी दिसले की आरोपात उरतेच काय? इस्माईलभाईंना ते पटले, पण ते डोके खाजवत म्हणाले, ‘वकील, चौकशीला अजून वेळ आहे. तोवर सुया लागू पडल्या आणि आप्पा पडलेच नाहीत, तर? मग म्हणतील, बघा, त्या दिवशी प्यायलेलाच होता.’

आप्पाच म्हणाले, ‘सुया थांबवा. चौकशी होऊ द्या, मग घेतो.’

‘बाई म्हणाल्या ना, जितका उशीर तितकं कायमचं जातंय,’ आई म्हणाली.

‘पाय गेले तर गेले. नाव जायला नको.’

आईने आप्पांना उलट उत्तर दिल्याचे मी तोपर्यंत ऐकले नव्हते. ती उठून उभी राहिली. ‘तुमी देवाला दूध दिलं, मी काय बोलले नाय. लेकराचा जीव हुता. आता कंपनीला पाय द्यायलाव? कंपनी काय देव हाय का? उद्या सुई चुकली तर मीच जाते त्या सायबापुढं आणि सांगते, घ्या, दारुड्याची बायको आलीय.’

इस्माईलभाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ‘वकील, ही केस भाभींना दे. आपण दोघं घरी बसू.’ आप्पांच्या मिशीखाली हसू आल्यासारखे झाले. सुया चालू राहिल्या. गौरा प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायची आणि येताना त्यांच्या चपलांवर लक्ष ठेवायची.

पण पडण्याच्या बेताला आप्पा अजून राजी नव्हते. ‘चारचौघांत पुन्हा पडायचं म्हणतोस?’ त्यांनी मला विचारले. मी स्थायी आदेशांतले कलम सांगू लागलो. त्यांनी मला थांबवले. ‘कलम कळलं. मला पडण्याचं विचारायचंय.’ मी आदेशांची प्रत मिटून ठेवली. चौकशीच्या आदल्या दिवशी विभूतीची वडी कागदात गुंडाळून ठेवत ते आपणहून म्हणाले, ‘पडतो. पण मला कुणी झेलायचं नाय. झेललं तर म्हणतील नाटक केलं.’

चौकशी कंपनीच्या कँटीनमध्ये झाली. चौकशी अधिकारी बाहेरून नेमलेले वकील होते; स्वभावाने कोरडे, पण लिहिण्यात प्रामाणिक, आणि हा गुण मी त्यानंतर मोठमोठ्या पदांवरच्या माणसांत व्यर्थ शोधला आहे. मला साक्षीदार म्हणून बसू दिले होते. आप्पांनी पांढरा शर्ट, धोतर आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असा वेष केला होता. आप्पांचे मदतनीस म्हणून बसलेल्या इस्माईलभाईंनी मी लिहून दिलेले प्रश्न हातात धरले होते, पण सुभेदार समोर येताच ते कागद त्यांनी खिशात घातले.

‘सुभेदार, आप्पांच्या तोंडाला वास आला का?’

सुभेदार ताठ बसले होते. ‘वास नाही आला.’

‘बोलणं अडखळत होतं?’

‘नाही. नीट बोलत होते. मला रामराम केला.’

‘मग मद्यधुंद कुणी लिहिलं?’

‘मी लिहिलं की तोल गेला. बाकीचं वर ऑफिसात लिहिलं असेल. मी जे पाहिलं नाही ते लिहीत नाही.’

व्यवस्थापनाचे प्रतिनिधी मध्येच म्हणाले की तोल उगाच जात नाही. इस्माईलभाई म्हणाले, ‘साहेब, मी तेच म्हणतोय. आता सकाळ आहे. तुम्ही स्वतः या, आप्पांचा वास घ्या. तुमच्याच माणसानं घ्या. आणि मग सांगा त्यांना डोळे मिटायला.’ थोडी कुजबुज झाली. चौकशी अधिकाऱ्यांनी मान हलवली. प्रतिनिधी नाइलाजाने पुढे आले, आप्पांच्या तोंडाजवळ वाकले आणि म्हणाले, ‘वास नाही.’ ते टंकलेखकाने नोंदवले. यंत्राची ती टकटक मला आजही ऐकू येते.

कँटीनमध्येही जमिनीवर ती पिवळी पट्टी होती. आप्पा तिच्यावर जाऊन उभे राहिले, पाय जोडले आणि त्यांनी डोळे मिटले.

ते पडले नाहीत. ते डोलले, उजवीकडे झुकले, पायाची बोटे फरशीत रुतवू पाहू लागले, आणि पुन्हा सरळ झाले. प्रतिनिधींनी घड्याळाकडे पाहिले. माझे वडील बरे होत होते, आणि मी त्यांचा मुलगा, त्यांनी पडावे म्हणून आतल्या आत तळमळत होतो. एवढी उलटी वेळ कोणत्याही मुलावर येऊ नये. इस्माईलभाईंचे हात आपोआप पुढे आले होते. आठवण होऊन त्यांनी ते पाठीमागे घट्ट धरले. आप्पांच्या कपाळावर घाम आला आणि विभूतीचा एक पट्टा ओघळला. मग त्यांचे शरीर मागे कलले आणि ते आडवे झाले, अगदी सरळ, खांब कोसळावा तसे. डोके बाकाच्या कडेवर आपटले. कोणीही झेलले नाही.

सर्वांत आधी सुभेदार उठले. त्यांनी आप्पांना बसते केले, आपला रुमाल त्यांच्या डोक्याला लावला आणि चौकशी अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, ‘साहेब, माझी साक्ष पुन्हा लिहा. त्या दिवशी हे असेच पडले होते. जसेच्या तसे.’ आप्पांनी रुमाल बाजूला केला, उभे राहिले आणि म्हणाले, ‘आता डोळे उघडे ठेवून चालून दाखवतो. तेबी लिहा.’ आणि पायांकडे नजर लावून, एकेक पाऊल ठरवून टाकत, ते कँटीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या पिवळ्या पट्टीवरून चालत गेले. तेथे जमलेल्यांपैकी कोणाचीही चाल मला त्यांच्याइतकी ताठ वाटलेली नाही. न्यायालयात मी पुढे पुष्कळ युक्तिवाद ऐकले, काही स्वतः केले. त्या चालण्याच्या तोडीचा एकही आठवत नाही.

आरोप सिद्ध झाला नाही. आप्पांना कामावर घेतले. रूळांपाशी नाही, तर बसून सील तपासण्याच्या टेबलावर. मी माझे पहिले पत्र त्याच सुमारास लिहिले. क्लासमधल्या यंत्रावर टंकलिखित करून, कंपनीला, पोचपावतीसह: केवळ तोल जाण्यावरून कोणाही कामगारावर मद्यपानाचा ठपका ठेवू नये, आधी डॉक्टरी तपासणी करावी. उत्तर आले नाही. पण फाटकावर डोळे मिटायला लावणे बंद झाले, आणि ते सुभेदारांनी बंद केले असे मला इस्माईलभाईंनी सांगितले. मागच्या पावसाळ्यात तळवड्यातल्या एका युनिटमधून तोल गेला म्हणून काढून टाकलेला एक तरुण माझ्या दारी आला, तेव्हा मी त्याला आधी जेवणात काय असते ते विचारले. तो गोंधळला. मग आधी त्याला डॉक्टरकडे पाठवले आणि नंतर पत्र लिहायला बसलो. या औद्योगिक पट्ट्यात आता बोटाएवढी यंत्रे श्वासातली दारू मोजतात आणि हिंजवडीच्या बसेस वाहतुकीत तासन्‌तास एका जागी उभ्या राहतात, पण माणूस का डोलतो हे विचारण्याआधी त्याला नाव ठेवण्याची घाई मात्र तशीच आहे. माझ्या पत्रांचे कारणही त्यामुळे संपत नाही.

दूध आप्पांनी शेवटपर्यंत घेतले नाही. ती लाल सुई मात्र ते महिन्याच्या महिन्याला, पूजेइतक्याच नेमाने घेत. डाव्या पायाचा अंगठा त्यांना परत मिळाला नाही. बाकीचे हळूहळू आले. आधी जीभ आली आणि चटणी पुन्हा ताटात दिसू लागली, मग नळावर भिंत धरणे थांबले. एका रविवारी धपाटे खाऊन झाल्यावर आप्पा नेहमीच्या जागी भिंतीला टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून बसले होते. मी अभ्यास करत होतो, आई भांडी लावत होती. बाहेर ट्रकांची रांग थांबली होती, त्यामुळे दुसरे काहीच ऐकू येत नव्हते. आप्पांचे डोळे मिटलेले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘मोठा माल चढवलाय आज.’ आईचा हात थांबला. तिने आणि मी एकाच वेळी घागरीकडे पाहिले. पाणी हलत होते.